ठिपका कसला हाय?

श्रोतेहो, नमस्कार.

श्रावण तोंडावर आलाय. घरोघरी पाहुणे येतील, सत्यनारायण होतील, सवाष्णी जेवायला बोलावल्या जातील. "तुम्ही व्हेज ना?" असं आपण फोनवर विचारू, समोरून "हो हो, व्हेजच" असं उत्तर येईल आणि आपण स्वयंपाकाला लागू. मला आज एवढंच सांगायचंय, की व्हेज आहे का असं विचारू नका. जिन्नसाचं नाव घेऊन विचारा. अंडं चालतं का? कांदा चालतो का? वेगळं भांडं लागतं का? नाव घेऊन विचारा.

कारण शाकाहारी हा एकच शब्द आपण किती जणांना लावतो बघा. दूध, दही, तूप खाणारा पण अंड्याला हात न लावणारा, हा आपल्या ओळखीचा. दुसऱ्याला अंडंही चालतं. तो म्हणतो, पोल्ट्रीतली कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी घालते, त्यातून पिल्लू निघणारच नाही, मग जीव कुठे गेला? तिसऱ्याला दूधसुद्धा नको, मधही नको. त्याला आता सगळे वीगन म्हणतात; १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी हा शब्द रूढ केला. जैन घरात जमिनीखालचं चालत नाही. कांदा, बटाटा, गाजर, मुळा सगळं बंद, आणि नियम पाळणारा असेल तर सूर्यास्तानंतर ताटच नाही.

आणि वाराचे शाकाहारी तर आपल्या घराघरांत आहेत. सोमवार, गुरुवार, संकष्टी. गोव्यात आणि मालवणाकडे अशा दिवसाच्या जेवणाला शिवराक म्हणतात. किती गोड शब्द आहे! एरवी माशाशिवाय घास न उतरणारं घर त्या दिवशी वालीची भाजी आणि सोलकढीवर समाधानानं जेवतं. कुणी चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं सोडतो. म्हणून तर आषाढात कांदेनवमी करायची आणि चंपाषष्ठीला रोडग्याबरोबर वांग्याचं भरीत खायचं.

जाता जाता एक बोलते, कारण बोलल्याशिवाय राहवत नाही. हॉटेलच्या पाटीवरचा "शुद्ध शाकाहारी" हा शब्द मला आवडत नाही. शाकाहारी लिहा, पुरेसं आहे. एकाला शुद्ध म्हटलं की दुसरा आपोआप अशुद्ध ठरतो. आणि मासे खातात म्हणून एखाद्या कुटुंबाला भाड्यानं घर नाकारणं हे तर मला सरळसरळ चुकीचं वाटतं. असो. विषयाकडे येते.

माझे आजोबा, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, माळकरी होते. गाव खटाव तालुक्यातलं, पुसेगावच्या बाजूला. घरात बाकी सगळे मटण-मासे खाणारे. पण वशाट शिजायचं ते मागं परड्यात, तीन दगडांच्या चुलीवर. त्याची भांडी वेगळी, ती घरातल्या मांडणीवर कधी आली नाहीत. अण्णांचं पितळी पातेलं वेगळं, तवा वेगळा. आजी वर्षातून दोनदा त्या पातेल्याला कल्हई करून घ्यायची. आता कल्हईवाला दारावर येतच नाही. पितळेतल्या आमटीची चव स्टीलला येत नाही, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन.

अण्णांना पंचाहत्तरावं लागलं तेव्हा मी पुण्यात शिकायला होते. सगळ्यांनी ठरवलं, वाढदिवस करायचा. केक मी आणणार. बेकरीत गेले आणि काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "व्हेज आहे ना?" तो म्हणाला, "हो ताई, व्हेजच आहे." मी डबा घेतला. स्वारगेटवरून एसटी पकडली आणि सगळी वाट तो डबा मांडीवर धरून बसले.

संध्याकाळी अंगणात सतरंजी टाकली. आजीनं औक्षण केलं. अण्णांनी सुरी हातात घेतली आणि मला विचारलं, "पोरी, ह्यात काय काय हाय?" मी म्हटलं, "काही नाही अण्णा. मैदा, साखर, दूध, लोणी." अण्णांनी पांडुरंगाचं नाव घेतलं, एक तुकडा खाल्ला आणि म्हणाले, "मऊ हाय की."

मुंबईची वहिनी तेवढ्यात माझ्या कानाशी आली. "अगं, हा एगलेस नाही वाटत. इतका हलका होत नाही तो." माझ्या पोटात गोळा आला. मी गल्लीच्या टोकाला गेले, बिलावरचा नंबर काढला आणि बेकरीत फोन लावला. तोच मुलगा होता. तो म्हणाला, "ताई, अंड्याशिवाय स्पंज फुगतो का? तुम्ही व्हेज विचारलंत. एगलेस पाहिजे होता तर एगलेस म्हणायचं ना."

तो खोटं बोलला नव्हता. त्याच्या घरी अंडं व्हेजच होतं. माझ्या घरी नव्हतं. शब्द एकच होता.

वहिनी म्हणाली, आता सांगू नकोस, म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास. आई म्हणाली, तुझं तू ठरव. रात्रभर मला झोप लागली नाही. पहाटे अण्णा हरिपाठ म्हणून उठले, तेव्हा मी जाऊन त्यांच्यापुढं बसले आणि सांगून टाकलं.

अण्णा रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी गळ्यातली माळ काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि देव्हाऱ्यात ठेवली. मी रडायला लागले. म्हटलं, "अण्णा, चूक माझी आहे." ते म्हणाले, "चूक तुझी, पण तोंड माझं. माळ मी घातलीय, तू न्हाईस." त्यांच्या रिकाम्या गळ्यावर माळेचा एक फिकट पट्टा दिसत होता. चाळीस वर्षं ऊन न लागलेली कातडी ती. माझी नजर तिथून हलेना.

श्रोतेहो, इथं मला गांधीजींची आठवण होते. १८८८ साली ते लंडनला निघाले तेव्हा मांसाला शिवणार नाही अशी शपथ त्यांनी आईला दिली होती. तिकडच्या शाकाहारी मंडळींमध्ये मांस कशाला म्हणायचं याच्या तीन व्याख्या चालायच्या. एक म्हणजे फक्त पशुपक्ष्यांचं मांस, मासे-अंडी चालतील. दुसरी, कुठल्याही प्राण्याचं मांस नको, अंडी चालतील. तिसरीत अंडी आणि दूधही बाद. गांधीजींनी काही दिवस अंडी खाऊन पाहिली. मग त्यांच्या लक्षात आलं, की शपथ आईला दिली आहे, तर मांस शब्दाचा अर्थ आईचाच धरायला हवा, आणि आईच्या लेखी अंडं मांसातच जमा होतं. त्यांनी अंडी सोडली. आत्मकथेत त्यांनी लिहिलंय, की तिथल्या शाकाहारी खानावळींतसुद्धा पुडिंगात आणि केकमध्ये अंडी असायची, त्यामुळे प्रत्येक पदार्थात काय आहे ते विचारून घ्यावं लागायचं. बघा, केकच! आणि शाकाहारी खानावळीत!

आपल्याकडे पाकिटाच्या बाबतीत कायद्यानं हे सोपं केलंय. २००१ पासून पाकिटावर खूण असते. हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. मांसाहारी पाकिटावर तपकिरी ठिपका असायचा, आता तिथं त्रिकोण आलाय. कायद्याच्या हिशेबानं दूध शाकाहारी, मध शाकाहारी आणि अंडं मांसाहारी. वीगन पदार्थाची खूण वेगळी. मिठाईवरचा चांदीचा वर्ख पूर्वी जनावराच्या आतड्याच्या नाहीतर कातड्याच्या घड्यांत ठेवून कुटायचे, त्यालाही २०१६ मध्ये बंदी झाली. पण सुट्या मालावर खूण नसते. सुटा केक, सुटी जेली, जिच्यात जनावराच्या हाडा-कातड्यातून काढलेलं जिलेटिन असू शकतं, परदेशातून कुणी आणलेलं चीज, ज्यात दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट असू शकतं. तिथं नाव घेऊनच विचारावं लागतं. व्हेज का, असं नाही. अंडं आहे का? जिलेटिन आहे का? नाव घेऊन.

तर अण्णा. दुसऱ्या दिवशी त्यांनी निर्जळी उपास केला आणि तिसऱ्या दिवशी पंढरपूरला निघाले. मी म्हटलं, मी येते. पुसेगावहून एसटी, मग दहिवडी, गोंदवले, म्हसवड. खिडकीतून नुसतं माळरान आणि मेंढरं. माळ त्यांनी रुमालात बांधून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली होती आणि मधूनमधून वरून हात लावून बघत होते.

चंद्रभागेत स्नान केलं. वारकऱ्यांच्या फडावरच्या महाराजांना अण्णांनी सगळं सांगितलं, माझं नाव न घेता. "माझ्याकडनं अंडं खाल्लं गेलं," एवढंच. महाराजांनी माळ ज्ञानेश्वरीवर ठेवली, मग अण्णांच्या गळ्यात घातली. पट्टा झाकला गेला. बाहेर आल्यावर अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बोलले काहीच नाहीत.

परतीला म्हसवडच्या स्टँडवर गाडी थांबली. मी खाली उतरून दोन चहा आणि बिस्किटाचा पुडा घेतला. अण्णांना अक्षर ओळख बेताची. त्यांनी पुडा माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला, उलटासुलटा केला आणि माझ्याकडं परत दिला.

"बघ गं," म्हणाले, "ठिपका कसला हाय?"

मी बघितला. म्हटलं, "हिरवा आहे, अण्णा."

"मग फोड," ते म्हणाले, आणि पहिलं बिस्कीट त्यांनी मला दिलं.

नमस्कार.