बेलाच्या पानाएवढी लॅब

नमस्कार मंडळी, ठाण्यातून बोलतेय. देवघरातल्या निरांजनाची वात तूप वर ओढते ना, तसाच कागदही पाणी ओढतो, त्याला पंप नको की लाइट नको, फक्त थेंब चहूबाजूंना पसरतो म्हणून त्याला वाट आखून द्यावी लागते. 2007 साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या ग्रुपने कागदात अशा वाटा आखून लघवीच्या एका छोट्या थेंबात ग्लुकोज आणि प्रोटीन दोन्ही तपासून दाखवलं. तेव्हा वाटांच्या कडा महागड्या रसायनाच्या होत्या, 2009 पर्यंत तेच काम मेणावर आलं, आणि मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते हेच, कारण मेण आपल्याही घरात असतं.

दुधात स्टार्चची, म्हणजे पिठूळ पदार्थाची, भेसळ आहे का ते अशाच कागदावर आयोडीनने तपासायचं ठरवलं. मी जांभळी नाक्यावरून मेणाचे खडू आणले आणि झेरॉक्सच्या कागदावर बेलाचं पान काढलं, एक देठ, तीन पानं. आयोडीनचं टिंक्चर पाण्यात पातळ करून देठावर टाकलं तर अख्खी वाटच निळीकाळी! दोन दिवस कोडं सुटेना. मग लक्षात आलं, छपाईच्या कागदाला स्टार्चची खळ असते आणि आयोडीन नेमकं स्टार्च लागला की निळंकाळं होतं. म्हणून फिल्टर पेपरच घ्या, तो जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, म्हणजे झाडाचा तंतू असतो, त्यात खळ नसते.

रेघा जाड मारायच्या, खाली-वर बटर पेपर ठेवून इस्त्री फिरवायची. कागद उलटा करून बघा, मेण मागच्या बाजूला आरपार दिसलं पाहिजे, नाहीतर पाणी भिंतीखालून निसटतं. मेण वितळताना आडवंही पसरतं, त्यामुळे दोन रेघांत चार-पाच मिलिमीटर जागा सोडा, माझी पहिली वाट अशीच बुजली होती.

आता एका पानावर पाणी घातलेलं दूध, दुसऱ्यावर त्याच दुधात भाताची पेज मिसळून, तिसरं कोरं. सुकलं की देठावर आयोडीन. ते हळूहळू तिन्हीकडे जातं आणि पेजेचं पान तेवढं निळंकाळं होतं, बाकी दोन पिवळट तपकिरी राहतात. दुधात स्टार्चची भेसळ असेल तर ती अशी दिसते, किती आहे ते मात्र नुसत्या डोळ्यांना नीट कळत नाही. इस्त्री मोठ्यांनीच धरा, आणि तपासलेलं दूध पिऊ नका.