बाटलीतला मध आणि बंदरावरचा पाक

स्क्रीनवर जी लाकडी पेटी दिसतेय ना, खाली चार पाय, वर झाकण, ती सातेरीची, म्हणजे आपल्या देशी मधमाशीची, पेटी आहे. महाबळेश्वरच्या बाजूला अशा पेट्या परसात, बांधावर, रानाच्या कडेला कुठेही दिसतात. झाकण उचललं की वरच्या कोठीत मधाच्या चौकटी आणि खालच्या कोठीत राणी, अंडी, पिल्लं, म्हणजे सगळा संसार. मधपाळ थोडा धूर देतो, चौकट सावकाश वर काढतो, माशा ब्रशने खाली झाडतो, सुरीने मेणाची टोपणं कापतो आणि चौकट यंत्रात अडकवून हँडल फिरवतो. खालच्या तोटीतून धार लागते, आणि ती धार बघायला मजा येते हे खरं, पण हिशोब बघा, हंगाम बरा गेला तर वर्षाला एका सातेरी पेटीचे पाच-दहा किलो, आणि पाऊस लांबला, फुलोरा झडला तर तेवढेही नाही.

आता किराणा दुकानात चला. मधावर एकावर एक फ्री. माशांनी अशी ऑफर कधी काढली कुणास ठाऊक.

तर प्रश्न असा आहे की एवढा स्वस्त मध येतो कुठून. अर्धं उत्तर सरळ आहे, उत्तर भारतात मेलिफेरा जातीच्या माशा पाळतात, पेट्या ट्रकवर लादून मोहरीच्या, ओव्याच्या, बोरीच्या मागे फिरवतात, तिथे पेटीमागे उत्पादन सातेरीच्या कितीतरी पट निघतं. पण तोच मोहरीचा मध, ज्याला २०१४-१५ च्या सुमारास मधपाळाला किलोमागे दीडशेच्या आसपास मिळत होते, तो पुढच्या पाच-सहा वर्षांत साठ-सत्तरवर आला. कोविडमध्ये तर लोक काढ्यात घालायला मध शोधत होते, मागणी वाढलेली, आणि पेट्या ठेवणारा म्हणतोय माल उचलायला कोणी नाही. काहीतरी गडबड आहे हे तिथेच कळतं.

डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सीएसईने, म्हणजे सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने, ही गडबड उघड केली. त्यांनी बाजारातले १३ ब्रँड तपासले, काही नमुने जर्मनीतल्या लॅबला पाठवले, आणि सांगितलं की ७७ टक्के नमुन्यांत साखरेच्या पाकाची भेसळ आहे, २२ पैकी फक्त ५ नमुने सगळ्या चाचण्यांत पास झाले. कंपन्यांनी अर्थातच हे फेटाळलं, आमचा मध सरकारी नियमात बसतो म्हणाल्या. आणि गंमत म्हणजे सीएसईचा आक्षेप त्याच नियमांवर होता. त्यांनी स्वतः पाक मिळवला, शुद्ध मधात २५ टक्के आणि ५० टक्के मिसळला, लॅबला दिला, आणि दोन्ही नमुने आपल्या इथल्या चाचण्यांत शुद्ध मध म्हणून पास झाले!

आता पाक म्हणजे तुमच्या घरातला गुलाबजामचा पाक नव्हे. फुलं येणारी बहुतेक झाडं एका पद्धतीने हवेतला कार्बन घेतात, ऊस आणि मका दुसऱ्या पद्धतीने, त्यामुळे उसाची साखर मधात घातली तर कार्बनच्या आयसोटोपवरून, म्हणजे हलक्या-जड कार्बन अणूंच्या प्रमाणावरून, लॅबला लगेच कळतं. हे कळल्यावर भेसळवाल्यांनी ऊस-मका सोडून भात आणि बीट धरलं, कारण त्यांचा कार्बन फुलांसारखाच. मग लॅबने तांदळाच्या पाकाच्या खुणा शोधणारी चाचणी आणली, तर त्या खुणाच काढून टाकलेला पाक बाजारात आला. चिनी कंपन्या वेबसाइटवर उघड लिहीत होत्या की आमचा सिरप मधाच्या टेस्ट पास करतो. लॅबची नवीन चाचणी आली की तिकडे नवीन पाक तयार.

म्हणून घरगुती युक्त्या विसरा, प्लीज. पाण्यात थेंब टाकून बघणं, काडी बुडवून पेटवणं, टिश्यूवर डाग पडतो का बघणं, यातलं काहीही या पाकाला पकडत नाही. उलट थंडीत मध गोठला, दाणेदार झाला की गिऱ्हाईक बरणी परत आणून देतं, साखर घातली म्हणून. अहो, गोठणं हा मधाचा गुण आहे, मोहरीचा मध तर काही दिवसांत लोण्यासारखा होतो. खरा मध विकणारा इथे चोर ठरतो आणि वर्षभर पातळ, चकचकीत राहणारी बाटली शहाणी ठरते.

पण मधपाळाला वाचवायचं कसं, तर लोक पटकन म्हणतात चिनी पाक बंदरावर अडवा. अडवणार काय? भारतात मध म्हणून माल येतच नाही तेवढा. येतो तो फ्रुक्टोज सिरप म्हणून, बिस्किट-शीतपेयवाल्यांसाठी, कायदेशीर कागदांवर. २०२० मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, आयातदारांना सांगितलं की गोल्डन सिरप, इन्व्हर्ट शुगर सिरप, राइस सिरप आणलात तर वापर कळवा, पण पाक त्या नावांनी येतच नव्हता. सीएसईने मागवलेला नमुना तर चीनच्या कंपनीने रंगाचं पिगमेंट म्हणून पाठवला होता. कस्टमवाल्याने करायचं काय, प्रत्येक पिंप चाटून बघायचं?

आणि हे फक्त आपलं रडगाणं नाही. अमेरिकेने डिसेंबर २००१ मध्ये चिनी मधावर जबर अँटी-डंपिंग ड्युटी, म्हणजे भाव पाडून ओतलेल्या मालावरचा जादा कर, लावली, कारण त्यांचे मधपाळ बुडत होते. लगेच चिनी मध मलेशियाचा, इंडोनेशियाचा, तैवानचा, आणि हो, भारताचाही म्हणून तिकडे उतरायला लागला. २०१० मध्ये शिकागोत हॅम्बुर्गच्या एका मोठ्या व्यापारी कंपनीवर आणि तिच्या लोकांवर खटला भरला, सुमारे ८० मिलियन डॉलरची ड्युटी बुडवल्याचा आरोप. २०१३ मध्ये दुसरा टप्पा, त्यात टेक्सास आणि मिशिगनच्या दोन कंपन्या अडकल्या, आणि यावेळी आकडा होता १८० मिलियन. परागकण बघितले की मध कुठल्या मुलखातला ते कळतं, म्हणून मध इतका बारीक गाळायचा की परागकणच उरू नयेत, असलेही उद्योग तिकडे झाले.

याचा फटका फिरून आपल्याच माणसाला बसतो. आपला बराचसा मध अमेरिकेला जातो. तिथल्या मधपाळांच्या तक्रारीवरून २०२२ मध्ये चार देशांच्या मधावर ड्युटी लागली, त्यात भारतही होता, तेव्हा आपल्यावर साधारण ६ टक्के, व्हिएतनामवर ६० च्या आसपास. भाव पाडून माल जाऊ नये म्हणून मार्च २०२४ मध्ये आपल्या सरकारने निर्यातीला टनामागे २००० डॉलरचा किमान भाव ठरवला. ठीक आहे. पण ऑगस्ट २०२० पासून अमेरिकेला जाणाऱ्या मधाला एनएमआर चाचणी सक्तीची केली, आणि इथे तुम्ही-आम्ही खातो त्या मधाला नाही केली, हे मला आजपर्यंत पचलेलं नाही.

एनएमआर म्हणजे मधाच्या सगळ्या घटकांचा एकत्र ठसा घेणं. मशीन कोट्यवधींचं, तरी मशीन मिळेल. खरी अडचण दुसरी आहे, तो ठसा जुळवायचा कशाशी? कंपन्यांचा एक मुद्दा होता की परदेशी डेटाबेसमध्ये भारतीय फुलांचे नमुने पुरेसे नाहीत, आणि कंपन्यांवर माझा विश्वास कमी असला तरी हा मुद्दा खोटा नाही. जांभूळ, हिरडा, गेळा, कारवी, यांचा सह्याद्रीतला मध जर्मनीच्या मशीनने किती वेळा बघितला असेल? उद्या सरसकट एनएमआर लावली आणि त्यात सातेरीचा अस्सल मधच नापास ठरला तर मधपाळ दोन्हीकडून मेला.

पेट्यांची नोंद करायला केंद्राचं मधुक्रांती पोर्टल आहे, २०२१ पासून. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था १९६२ पासून आहे, महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव झालं, नंतर भुदरगडचं पाटगाव झालं. म्हणजे माणसं आहेत, गावं आहेत, पेटी कुठल्या रानात आहे हेही माहीत आहे. करायचं एवढंच की प्रत्येक फुलोऱ्याचा मध पेटीजवळ उभं राहून, पंचांसमोर काढायचा, सील करायचा आणि आपली स्वतःची नमुन्यांची लायब्ररी उभी करायची, जिच्याशी बाटलीतला मध ताडून बघता येईल. जांभूळ दरवर्षी फुलतं, त्याला घाई नाही. कारवी मात्र ७-८ वर्षांतून एकदा फुलते, तेव्हा त्या हंगामात बाटल्या, सील आणि माणूस आधीच डोंगरावर पोचलेले हवेत.