फोर्ट कोची : आधीच्यांच्या पायावर

(दृश्य : चिनी जाळं पाण्यातून वर येतं)

एका बाजूला जाळं, दुसऱ्या बाजूला दगड आणि मधे टेकूवर तोललेला सागवानी वासा. कोचीच्या किनाऱ्यावरची ही जाळी एवढ्यावर चालतात. सांगाडा किमान १० मीटर उंच, जाळ्याचा पसारा सुमारे २० मीटर. तोल इतका नेमका, की एक माणूस वाशावरून पाण्याकडे चालत गेला तरी जाळं खाली उतरतं. काही मिनिटं थांबायचं, मग चार-सहा जणांनी मिळून दोर ओढायचे.

(दृश्य : दगड, जवळून)

दगड नीट बघा. प्रत्येक साधारण ३० सेंटिमीटरचा, पण दोरांची लांबी वेगवेगळी. जाळं वर येऊ लागलं की दगड एकेक करून फळ्यांवर टेकतात आणि मागचा भार बेताबेतानं उतरतो. दोर सारखे असते, तर सगळा भार एकाच वेळी उतरून तोल गेला असता. प्रत्येक जाळ्याला पाण्याची ठरावीक खोली लागते. म्हणून भरतीला काही जाळी चालतात, ओहोटीला दुसरी. ती चिनी व्यापाऱ्यांनी आणली असं एक मत, चीनमधल्या मकाव बंदरामार्गे पोर्तुगिजांनी आणली असं दुसरं.

जलपर्णी आणि प्लास्टिक वाहत आलं की जाळं जड होतं, फाटतं. सागवान परवडेना म्हणून लोखंडी पाइप आले, ते खाऱ्या हवेत गंजतात. लाकडी सांगाड्यातला खराब वासा तेवढा बदलता येतो. ही जाळी लाकडातच टिकवायला हवीत. मासळी घटली, जाळीही कमी झाली.

(दृश्य : सेंट फ्रान्सिस चर्च, आतून)

पोर्तुगिजांनी १५०३ मध्ये ते लाकडात बांधलं, १५१६ पर्यंत दगडी झालं. १६६३ मध्ये डच आले. त्यांनी शहरातली इतर बहुतेक कॅथलिक चर्च पाडली, हे मात्र आपल्या पंथासाठी ठेवलं, १७७९ मध्ये दुरुस्त केलं. पुढे ते इंग्रजांच्या अँग्लिकन पंथाकडे गेलं. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीत वारला, तो इथेच पुरला होता. अस्थी नंतर पोर्तुगालला नेल्या. जमिनीतल्या जुन्या थडग्यांच्या शिळा आता समोरासमोरच्या भिंतींत बसवल्या आहेत : एकीकडे पोर्तुगीज, दुसरीकडे डच. वर झुलते कापडी पंखे आहेत. त्यांचे दोर भिंतीतून बाहेर जात. ओढणारा माणूस बाहेर बसायचा.

किल्ल्याची तटबंदी इंग्रजांनी पाडली.

(दृश्य : मट्टनचेरी)

ज्याला डच राजवाडा म्हणतात, तो पोर्तुगिजांनी कोचीच्या राजासाठी बांधला. डचांनी दुरुस्त केला. आतली रामायणाची भित्तिचित्रं प्रत्यक्षच पाहावीत, सावकाश. शेजारचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १५६८ चं. त्याच्या जमिनीवरच्या निळ्या चिनी फरशा हातानं रंगवलेल्या आहेत. राजवाडा शुक्रवारी बंद, सिनेगॉग शनिवारी. तेव्हा हे दोन्ही वार टाळा.

(दृश्य : चेरळाई, तिरुमला देवस्थान)

पोर्तुगिजांच्या जाचाला कंटाळून गोवा सोडलेली सारस्वत घराणी इथे वसली; गल्लीत आजही कोकणी कानावर पडते. डच गव्हर्नर व्हान रीडनं मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ करायला घेतला, तेव्हा रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोकणी वैद्य मदतीला होते. १६७५ मध्ये त्यांनी नागरी लिपीत लिहून दिलेला दाखला ॲमस्टरडॅमला छापलेल्या पहिल्या खंडात आहे.