पाझर

(दृश्य: मध्यरात्र. काळोखात बुडालेली गल्ली. घराबाहेर काढलेल्या खाटा, हातपंखे, मोबाइलचे उजेड.)

रात्रीचा दीड. नवतप्याचा, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतला, चौथा दिवस. ट्रान्सफॉर्मर उडाला आणि अख्ख्या गल्लीचे कूलर एका दमात थांबले. नागपुरात मे महिन्यात कूलर थांबला की झोप संपली. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. ३० मे २०२४ ला तर एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. नंतर हवामान विभागाने सांगितलं, सेन्सर बिघडला होता. त्या दुपारी रस्त्यावर असलेल्यांना तो आकडा फार खोटा वाटला नव्हता, एवढंच सांगतो.

तर, माणसं गच्चीवर येतात, रस्त्यावर येतात, आणि सगळे एकच नंबर लावतात.

(दृश्य: तक्रार केंद्र. हेडफोन लावलेली तरुणी. फक्त हात, वही, पाण्याची बाटली.)

त्या नंबरच्या दुसऱ्या टोकाला ही बसते. मूळची काटोलकडची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. चेहरा दाखवू नका म्हणाली. घरी अजून सांगितलेलं नाही, की पगार शिव्या ऐकण्याचा मिळतो.

पहिल्या वर्षी तिच्याकडे एकच वाक्य होतं, प्रशिक्षणात पाठ करून घेतलेलं: "आपली तक्रार नोंदवली आहे." त्या वाक्याने कुणाचा राग उतरल्याचं तिला आठवत नाही. मग एका रात्री एक जण ओरडत होता आणि त्याच्यामागे टीं-टीं असा आवाज येत होता. तिने मध्येच विचारलं, "भाऊ, तो आवाज कशाचा आहे?" वडील घरी ऑक्सिजनच्या यंत्रावर होते. बॅटरी संपत आली होती. आधीच्या तीन फोनांत त्याने हे सांगितलंच नव्हतं; सगळा वेळ शिव्या देण्यात गेला होता.

तेव्हापासून तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "घरात कोणी आजारी आहे का? म्हातारं माणूस, लहान लेकरू?"

समोरचा क्षणभर गप्प होतो. उत्तर ती वहीत लिहिते आणि वायरमनला आधी कोणत्या गल्लीत पाठवायचं, ते त्यावरून सुचवते. सहवेदना म्हणजे गोड बोलणं, असं आपण धरून चालतो. हिच्या वहीत ती गल्लीचं नाव आणि घर नंबर होऊन उतरते. कुठल्याच छापील रकान्यात न येणारी माहिती.

फुकट मात्र काही होत नाही. विसाव्या फोनपर्यंत तिचा घसा आणि जीव, दोन्ही सुकतात. साहेब म्हणाले, "मनावर घेत जाऊ नको." तिने मनावर घेणं सोडलं. दोन महिने छान जमलं. मग एका सकाळी आई म्हणाली, "गुडघा लय दुखते व." आणि हिच्या तोंडून आलं, "आपली अडचण समजली."

आई काही बोलली नाही. नुसती पाहत राहिली.

हे सांगताना ती हसली. आम्हीही हसलो. मग थोडा वेळ कॅमेरा बंद ठेवला.

(दृश्य: त्याच गल्लीतला ओटा. घडवंचीवर माठ, त्यावर ओलं फडकं.)

त्या रात्री गल्लीत एकच गोष्ट चालू होती. माठ. त्याला वीज लागत नाही. घडवताना मातीत राख, लीद किंवा लाकडाचा भुसा कालवतात. भट्टीत भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक भोकं राहतात. त्यांतून पाणी झिरपतं, वाऱ्याने उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. कागदावरचा हिशोब असा, की दहा लिटरच्या माठातून पेलाभर पाणी उडालं तर उरलेलं दहा-अकरा अंशांनी निवू शकतं.

आता हाच माठ हौसेने ऑइलपेंटने रंगवा. देखणा दिसतो. भोकं बुजतात, पाणी कोमटच राहतं. साहेबांचा सल्ला म्हणजे हा ऑइलपेंट होता.

आणि तोच चांगला माठ श्रावणातल्या दमट हवेत ठेवा, किंवा बंद खोलीच्या कोपऱ्यात. तिथेही तो नीट गार करत नाही, कारण दमट किंवा कोंडलेल्या हवेत पाणी फारसं उडत नाही. "खंबीर व्हा" म्हणणारे हे विसरतात आणि बोल माठालाच लावतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार गळून जाण्याची, नोंद घेतली ती आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या, नीट न हाताळलेल्या ताणाशी तिने त्याचा संबंध जोडला. म्हणजे माठ कुठे ठेवलाय, तेही पाहायचं.

(दृश्य: सकाळचे सहा. तर्री-पोह्याची गाडी. वाफ.)

रात्रपाळी सुटली की चौघी इथे थांबतात. रात्रीचा सगळ्यात वाईट फोन सांगायचा. ऐकणारीने उपाय सुचवायचा नाही. एवढाच नियम. आत कुणाला फारच लागलं, तर शेजारची दहा मिनिटं तिचे फोन घेते. हे कुठे लिहिलेलं नाही. साहेबांना ठाऊक आहे, ते तिकडे पाहत नाहीत. आता त्यांच्याबद्दल आमचं मत थोडं बदललं. भिंतीवर १४४१६ चा कागदही आहे, सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस फोनसेवा, ऑक्टोबर २०२२ पासूनची. चौघींपैकी एकीने तो नंबर लावून पाहिलाय. म्हणाली, "तिकडची ताईपण रात्रपाळीचीच होती."

मनातलं बाहेर काढण्याची या शहराला जुनी सवय आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते, १८८० च्या दशकापासून. सोबत महागाईचे, लाचखोरीचे बडगे, तेही पुतळेच. "ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत!" म्हणत सगळं गाव ओरडतं. फक्त ते वर्षातून एकदा. पोह्याची गाडी रोज लागते.

याच गाडीवर तिला एक आवाज ओळखीचा वाटला. वायरमन. वर्षभर फोनवर भांडलेला. "कधी पोचता?" "उडून येऊ का मॅडम?" तो डाव्या हाताने पोहे खात होता. उजव्या तळव्याला पट्टी होती. दोघंही फारसं बोलले नाहीत. त्या रात्री पत्ता सांगण्याआधी तिने विचारलं, "भाऊ, पाणी आहे ना जवळ?"

"आहे. बोला, कुठं जायचं?"

(दृश्य: रस्त्याकडेला माठांची उतरंड. सावलीत बसलेली विकणारी मावशी.)

घरी जाताना ती थांबते. आईचा माठ जुना झाला, बाहेरून पांढरी खार धरलीय, पाणी निवत नाही. मावशी एक माठ उचलते, बोटाने वाजवते. टण्.

"थंडं होते ना मावशी पाणी?"

"आजच्या आज नाही होत, बाई. दोन दिवस भरून ठेव. मग पाहा."