सायनच्या टेकडीवरचा किल्ला

सायन स्टेशनला पूर्वेला उतरा, थोडं चाला, नेहरू गार्डनच्या गेटमधून आत या आणि थेट पायऱ्या चढायला लागा. खाली बाकड्यांवर आजोबा लोकांच्या गप्पा चालू असतात, पोरं खेळत असतात, आणि वर काय आहे विचारलं तर उत्तर ठरलेलं, काय नाय हो, पडका किल्ला आहे.

तोच बघायला आलोय आपण.

१६६८ साली मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या हातात आली, वर्षाला फक्त १० पौंड भाड्यावर, आणि मग गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या काळात, १६६९ ते १६७७ च्या दरम्यान हा किल्ला उभा राहिला. इथेच का, तर इंग्रजांची हद्द इथे संपायची. अलीकडे परळचं बेट, मधे खाडी, आणि पलीकडे साष्टी, म्हणजे पोर्तुगीजांचं राज्य. आज कुर्ल्याला आपण बस, ट्रेन, कशानेही जातो, तेव्हा तो परका मुलूख होता आणि त्याच्यावर डोळा ठेवायला या भिंती होत्या. मग १७३७ ला मराठे साष्टीत उतरले, १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, म्हणजे या टेकडीवरून इंग्रज शिपाई आता मराठ्यांच्या मुलखाकडे बघत होते, हे इथे उभं राहून डोळ्यासमोर आणा, अंगावर काटा येतो. १७७४ ला इंग्रजांनी साष्टी घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली, आणि डोळा ठेवायला पलीकडे परकं कोणी उरलंच नाही. पुढे डंकन गव्हर्नर असताना सायन ते कुर्ला खाडीवर रस्ताच बांधला, मग तर विषयच संपला.

आता या भिंतीजवळ या. हा काळा पाषाण, आपला सह्याद्रीचाच बेसॉल्ट, तो अजून तसाच टणक आहे, हात लावून बघा. झिजलाय तो मधला चुना. सांध्यात बोट घातलं तर भुसभुशीत पांढरी पूड हाताला लागते. मुंबईचा पाऊस वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पडतो, छप्पर कधीच गेलंय, त्यामुळे पाणी भिंतीच्या डोक्यावरून सरळ पोटात शिरतं, चुना धुवून नेतं, आणि त्या रिकाम्या फटीत पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचं बी येऊन पडतं. मग मूळ जाड होत जातं आणि दगड बाहेर ढकलत राहतं. ते उपटून काढू म्हणाल तर भिंतच सोबत येईल, कारण कितीतरी ठिकाणी आता त्या मुळानेच दगड धरून ठेवलेत. सिमेंट थापणं तर त्याहून वाईट, ओल आत कोंडून राहते आणि आजूबाजूचा जुना चुना अजून लवकर सुटतो.

आणि त्याच दगडांवर टोकदार वस्तूने कोरलेली नावं, बाण मारलेली बदामं. खूप वाईट वाटतं राव, साडेतीनशे वर्षांची भिंत आहे ती.

उपाय आहे, आणि तो जुनाच आहे. पिंपळाचं मूळ आहे तिथेच मारायचं, ते कुजलं की सांधा साफ करायचा, चुन्यानेच भरायचा, आणि भिंतीच्या माथ्यावर चुन्याचा उतरता थर द्यायचा म्हणजे पाणी बाहेर पडेल. हे काम उन्हाळा संपायच्या बऱ्याच आधी उरकायला हवं, चुना वाळायला वेळ घेतो आणि जूनमध्ये पाऊस येणारच आहे.