भातावरच्या पाकोळ्या

[येऊर, सप्टेंबर. दिवेलागणीची वेळ. भाताची खाचरं, मागे डोंगर]

ठाण्यात उपवनवरून चढ चढून वर आलं की शहर बघता बघता खाली राहतं. येऊरच्या पाड्यांवर आजही भात लावतात. आत्ता पीक पोटरीत आलंय, म्हणजे लोंबी अजून खोडाच्या आतच आहे. आणि नेमक्या याच दिवसांत, अंधार पडला की, खाचरात पिवळसर रंगाचे छोटे पतंग उडायला लागतात. खोडकिड्याचे पतंग.

मादी पानाच्या शेंड्याकडे पुंजक्यानं अंडी घालते आणि त्यावर तपकिरी लव पसरते. अंड्यातून निघालेली अळी थेट खोडात शिरते. रोप कोवळं असेल तर मधला पोंगा वाळतो, तो गाभेमर. लोंबी निसवताना अळी आत असेल तर लोंबी पांढरीफटक, पोचट बाहेर पडते. ही पळींज. चिमटीत धरून ओढली की अलगद हातात येते, आणि वर्षभराच्या कष्टांतलं तेवढं भात गेलेलं असतं. अळी एकदा खोडात बसली की फवारणी तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. तिला रोखायचं तर आधी, पतंग हवेत असतानाच. आणि हा पतंग उडतो रात्री.

[काळोख. फक्त डिटेक्टरचा आवाज]

हा आवाज नीट ऐका. टक… टक… टक. ही पाकोळी आहे. कीटक खाणारं छोटं वटवाघूळ, वजन जेमतेम पाच ग्रॅम. आपल्या कानांना सेकंदाला फार तर वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तिची हाक त्याच्या कितीतरी वर असते. या डिटेक्टर यंत्रानं ती आपल्याला ऐकू येईल इतकी खाली आणली आहे. आता पुढे ऐका. टक, टक, टकटकटक… झर्र! तिला काहीतरी सापडलं. सावजाच्या जवळ जाताना हाकांचा वेग वाढत वाढत सेकंदाला दीड-दोनशेपर्यंत जातो. मग एकदम शांतता. शेपटीजवळच्या पडद्याची ओंजळ करून तिनं पतंग झेलला, मान वाकवली आणि उडता उडताच खाल्ला. लगेच पुन्हा टक… टक…

वटवाघळं कानांनी वाट काढतात याचा माग अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीचे शास्त्रज्ञ स्पालांझानी यांना लागला होता. पण हा आवाज यंत्रावर पकडला गेला तो १९३८ साली, अमेरिकेत. तेव्हा डोनाल्ड ग्रिफिन हार्वर्डमध्ये शिकत होते.

[एका घराच्या वळचणीखालची फरशी, अगदी जवळून]

पाकोळी काय खाते हे पाहायचं तर तिच्या वस्तीखाली बघा. तांदळाच्या दाण्याएवढ्या काळ्या लेंड्या पडलेल्या दिसतील. पालीच्या विष्ठेला असतं तसं पांढरं टोक यांना नसतं. हातमोजा घालून एक चुरडली की तिचा कोरडा भुगा होतो, आणि त्या भुग्यात चमकतात ते कीटकांच्या पंखांचे, पायांचे, कवचांचे तुकडे. संशोधक याच लेंड्यांतल्या डीएनएवरून कोणकोणते कीटक पोटात गेले ते शोधतात.

थायलंडमध्ये पांढऱ्या पाठीचा तुडतुडा, म्हणजे भातावरचीच एक कीड, खाणारं एक वटवाघूळ आहे. त्या एका जातीमुळे वर्षाला सुमारे २,९०० टन तांदूळ वाचत असावा, असा अंदाज २०१४ साली मांडला गेला. अमेरिकेत मक्याच्या काही तुकड्यांवर रात्री जाळी टाकून वटवाघळांना बाहेर ठेवलं, तेव्हा तिथल्या कणसांवर अळ्या जवळपास साठ टक्क्यांनी जास्त निघाल्या.

एक मात्र स्पष्ट सांगायला हवं. पाकोळ्या आल्या म्हणून डेंग्यू जाणार नाही. त्या डासही खातात, पण डेंग्यूचा एडिस डास चावतो दिवसा, तेव्हा पाकोळ्या झोपलेल्या असतात. तिथे साचलेलं पाणीच काढायला हवं.

[रस्त्यावरचे दिवे, मग खेळाच्या टर्फचा लख्ख उजेड]

रस्त्यावरच्या दिव्याखाली किडे जमतात आणि काही धीट पाकोळ्या तिथे शिकार करतात. पण जंगलात राहणाऱ्या बऱ्याच जाती उजेड टाळतात. रात्रभर पेटणारा प्रखर दिवा त्यांच्यासाठी रस्ता बंद करतो. जंगलाच्या कडेला असे दिवे कशाला हवेत, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

कायद्यानंही या प्राण्यांकडे फार काळ बरं पाहिलं नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी मोठी वटवाघळं उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात होती. २०२२च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच गेलं.

[नवी मुंबई. जुनी चार मजली इमारत, रंगकामासाठी बांधलेली परांची]

शहरात पाकोळीचं घर म्हणजे बोटभर रुंदीची फट. दोन इमारतींमधला जोड, एसीच्या भोकाची कड, दुकानाच्या पाटीची मागची बाजू. रंगकाम निघालं की आधी फटी बुजवतात, आणि दिवसा बुजवतात. म्हणजे सगळं कुटुंब आत.

काम थांबवायची गरज नाही, क्रम बदलायचा. भिंतीखाली लेंड्या दिसल्या तर संध्याकाळी अर्धा तास वर बघत उभं राहा, कुठून बाहेर पडतात ते कळतं. त्या फटीवर वरून जाळी सोडायची आणि खालची बाजू मोकळी ठेवायची. पाकोळी सरपटत खाली उतरून उडून जाते, पण परत आत शिरायची वाट तिला सापडत नाही. काही रात्री सलग कुणीच बाहेर आलं नाही की मगच सिमेंट. आत पिल्लं असतील तर ती फट महिना-दीड महिना तशीच ठेवून बाकीची भिंत रंगवून घ्या, कारण पहिले काही आठवडे पिल्लांना उडता येत नाही. खाली पडलेली पाकोळी उघड्या हातानं उचलू नका. चावली तर रेबीजचा धोका असतो, तेव्हा जखम साबणानं धुऊन लगेच डॉक्टरकडे जा.

फट कायमची बंद करायचीच असेल, तर त्याआधीच जवळच्या भिंतीवर लाकडी पेटी लावा. आत दोन सेंटिमीटरची सपाट पोकळी, पंजा रोवता येईल असं खरखरीत लाकूड आणि खालून उघडी. स्पेनमध्ये एब्रो नदीच्या मुखाजवळच्या भातशेतीत अशाच पेट्या लावल्या होत्या, आणि पाकोळ्या त्यांत राहायला आल्या.