भुताच्या पोटात तीन सेल

(हॅलोविनच्या सजावटीसाठी उजळणाऱ्या आकृत्या बनवणाऱ्या हौशी कारागिरांपुढे केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार. बोलायला लागण्याआधी एक विनंती: दिवे घालवू या. सगळे. मोबाइल खिशात ठेवा आणि शेवटपर्यंत काढू नका. मध्येच पडदा उजळलात तर नुकसान तुमचंच आहे. का, ते शेवटी कळेल.

समोर टेबलावर हाडांचे दोन सापळे आहेत. दोन्ही एकाच साच्यातले, फूटभर उंच, अंगावर काळं कापड. पहिल्याचा खटका दाबतो... हसलात ना? मीही हसायला हवं होतं, पण तेव्हा फार अभिमान वाटला होता. ही माझी पहिली आकृती. छातीत, डोक्यात, पायाशी मिळून बारा पांढरे एलईडी. बरगड्यांवरचे ग्लू गनचे ओघळ लख्ख दिसताहेत, मानेतली वायर दिसतेय, आणि कवटीचं प्लॅस्टिक इतकं पातळ की कानाच्या जागा गुलाबी उजळल्यात. भुतापेक्षा हे एखाद्या दुकानाच्या पाटीसारखं दिसतं. घालवतो. आता दुसरा. दोन लाल ठिपके, बाकी काहीच नाही. बघा, आता कुणी हसत नाहीये.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. ब्रह्मराक्षस बनवणं हे आपलं काम नव्हेच. तो बघणारा स्वतः घेऊन येतो, आपण त्याला उभं राहायला जागा ठेवायची, म्हणजे अंधार ठेवायचा. सेलवर चालणाऱ्या आकृतीत वीज बेताचीच असते, म्हणून नवखे कुरकुरतात. मला उलट वाटतं. भिंतीतल्या प्लगचा अमर्याद पुरवठा मिळाला असता, तर आपण सगळ्यांनी दुकानाच्या पाट्याच बनवल्या असत्या.

हे काही आजचं शहाणपण नाही. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये हॅलोविनच्या, म्हणजे 31 ऑक्टोबरच्या रात्री सलगम नावाचा कंद कोरून त्यात निखारा किंवा मेणबत्तीचा तुकडा ठेवत. सलगम केवढा, मुठीएवढा. त्यात डोळे-तोंड म्हणजे चिरा. तिथले लोक अमेरिकेत गेले तेव्हा त्यांना भोपळा सापडला, मोठा आणि कोरायला सोपा, आणि पुढे तोच सणाचा चेहरा झाला. जुने सलगमाचे मुखवटे संग्रहालयांत जपलेले आहेत. सुकून सुरकुतलेले ते चेहरे भोपळ्यापेक्षा कितीतरी अघोरी दिसतात. पण दोन्हींत कारागिरी एकच आहे: दिवा पोटात, भोकं लहान, आणि बाकीचं अंग काळोखात.

पॅरिसमध्ये 1798 च्या सुमारास रॉबर्टसन नावाचा गृहस्थ पडद्यावर भुतं दाखवत असे. त्याचा जादूचा कंदील, म्हणजे काचेवरचं चित्र पडद्यावर पाडणारं यंत्र, चाकांवर होता. पडद्याच्या मागे तो सरकवला की भूत मोठं होत प्रेक्षकांच्या अंगावर धावून येई. मला त्याची दुसरी युक्ती जास्त आवडते. काचेवर चित्र काढलं की आकृतीभोवतीची उरलेली सगळी काच काळ्या रंगानं बुजवायची. मग पडद्यावर चौकट दिसत नाही, भूत हवेत तरंगतं. आत होता तेलाचा दिवा. तेवढ्यावर त्यानं पॅरिस घाबरवलं. आपल्याकडे तर तीन पेन्सिल सेल आहेत.

आता त्या सेलचा हिशेब. कंटाळवाणा वाटेल, पण चांगलं भूत आणि चार दिवसांत मेलेलं भूत यांतला फरक इथंच पडतो. तीन अल्कलाइन सेल एकामागे एक, म्हणजे 4.5 व्होल्ट. लाल एलईडीला साधारण 2 व्होल्ट लागतात. उरलेले अडीच रेझिस्टरनं, म्हणजे प्रवाह अडवणाऱ्या छोट्या भागानं, खायचे. एका एलईडीतून किती प्रवाह न्यायचा, याचा पुस्तकी आकडा 20 मिलिअँपिअरचा असतो आणि सगळे डोळे मिटून तोच धरतात. दोन डोळ्यांचे झाले 40. बेताच्या वापरात पेन्सिल सेलमधून 2000 मिलिअँपिअर-तास मिळतात असं धरलं, तर 50 तास. रोज संध्याकाळी 6 तास लावलं तर आठव्या-नवव्या रात्री खेळ खलास.

त्याऐवजी प्रत्येक डोळ्याला 470 ओमचा रेझिस्टर लावा. प्रवाह उतरतो 5 मिलिअँपिअरच्या आसपास, दोघांचे मिळून 10-11. आता तास होतात जवळजवळ 190. ऑक्टोबरच्या 31 रात्री गुणिले 6, म्हणजे 186. अख्खा महिना एका संचात! आणि उजेड? प्रवाह चौथ्या हिश्शावर आला तरी डोळ्याला तो चौथा हिस्सा वाटत नाही. दिवा निम्म्यानं उतरला तरी डोळा म्हणतो, किंचित मंद झालाय खरा. डोळ्याचा हा उदारपणा आपल्याला फुकट मिळालेला आहे.

इथं कुणीतरी नेहमी विचारतं, दोन्ही डोळे एकाच ओळीत जोडले तर? एकच प्रवाह दोघांतून जाईल, सेल दुप्पट चालतील. कागदावर बरोबर. पण दोन लाल एलईडी म्हणजे 4 व्होल्ट झाले. साडेचारातून चार गेले, रेझिस्टरला उरला अर्धा. सेल वापरले की त्यांचा दाब ओसरत जातो. दीड व्होल्टचा सेल 1.3 वर आला, की तिघांचे मिळून 3.9 होतात आणि डोळे मिटायला लागतात, सेलच्या पोटात बरीच शिदोरी शिल्लक असताना. वेगवेगळे जोडलेले डोळे मात्र सेल 1.1 वर आला तरी तग धरतात. म्हणून मी वेगळेच जोडतो, आणि प्रत्येकाला स्वतःचा रेझिस्टर देतो. एकाच रेझिस्टरवर दोघांना बसवलं, तर एक डोळा जास्त खातो आणि भूत काणं होतं.

पांढऱ्या आणि निळ्या एलईडीला 3 व्होल्टच्या आसपास लागतात. पांढरा म्हणजे आतून निळाच, त्यावर फॉस्फर नावाच्या पिवळ्या पदार्थाचा लेप. त्यामुळे सेल जुने झाले की हे दोघे लालच्या बरेच आधी मावळतात. त्यांना मुद्दाम दाब वाढवणारं सर्किट देता येतं, पण तेही स्वतः थोडं खातंच. माझं मत विचाराल तर डोळ्यांसाठी लाल, आणि अंगावरून ओझरत्या उजेडासाठी अगदी मंद हिरवा. याचं कारण विजेत नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यात आहे.

आपल्या डोळ्यात दोन प्रकारच्या पेशी काम करतात. शंकूपेशी दिवसाच्या, रंग ओळखणाऱ्या. दंडपेशी रात्रीच्या. अंधारात गेल्यावर दंडपेशी पूर्ण जाग्या व्हायला वीस ते तीस मिनिटं घेतात. चेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये याला सुमारे 200 वर्षांपूर्वी दिसलं, की दिवसा झळकणारी लाल फुलं संध्याकाळी काळी पडतात आणि निळी-हिरवी उठून दिसतात. दंडपेशींना लाल रंग जवळपास कळतच नाही. याचा आपल्याला दुहेरी फायदा. लाल डोळे बघणाऱ्याची अंधाराला सरावलेली नजर फारशी मोडत नाहीत, त्यामुळे डोळ्यांखालचा काळा झगा, खांद्याची रेघ, हाताचा आकार हे सगळं त्याला हळूहळू दिसू लागतं. आणि त्याच नजरेला अंगावरचा अगदी मंद हिरवाही पुरतो. पांढरा झगझगीत दिवा लावलात तर तो स्वतः दिसतो आणि बाकी सगळं पुसून टाकतो.

एक मापही सांगून टाकतो. माणसाच्या दोन बुबुळांमधलं अंतर सहा-साडेसहा सेंटिमीटर असतं. हेच अंतर धरून दोन ठिपके झुडपात ठेवा, उरलेला माणूस बघणारा रचतो. सापळा फूटभराचा असेल तर अर्थात त्याच्या कवटीचं माप धरायचं. पण नुसते डोळे लटकवायचे असतील तर माणसाचंच माप घ्या. फार लांब नेलेत की गाडीचे दिवे वाटतात.

उजेडाबद्दल माझा एक हट्ट आहे: दिवा दिसू नये, उजेड दिसावा. पाच मिलिमीटरचा नेहमीचा एलईडी आपला उजेड एका अरुंद झोतात फेकतो. तो समोर तोंड करून बसवला की बघणाऱ्याला टोचतो. त्याचं डोकं बारीक पॉलिश पेपरनं घासा, म्हणजे तो सगळीकडे सारखा पसरतो. पोकळ भूत उजळायचं असेल तर एलईडी मागच्या भिंतीकडे वळवा, परतून येणारा उजेडच पुढे येऊ द्या. मध्ये बटर पेपर लावणार असाल तर तो दिव्याला चिकटवू नका, बोटभर लांब ठेवा. आणि कवटी पातळ असेल तर वरचा रंग देण्याआधी काळ्या रंगाचा एक हात मारा. मग ते गुलाबी कान होत नाहीत.

दिवा खालून टाकायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. मेंदू धरून चालतो की उजेड वरूनच येतो, म्हणून खालून उजळलेला चेहरा त्याला चुकीचा वाटतो. पण पोकळ मुखवट्याची गंमत फार कमी लोक वापरतात. मुखवट्याची आतली, खोलगट बाजू बघणाऱ्याकडे करा आणि तिला मंद उजेड द्या. जरा लांबून मेंदू तिला खोलगट मानायलाच तयार होत नाही, तिथं फुगीर चेहरा बघतो. तुम्ही चालू लागलात की तो चेहरा तुमच्याकडे मान वळवतोय असं वाटतं. मोटर नाही, गिअर नाही, खर्चाला वीज नाही. मोटरनं मान वळवणारी आकृती मी केलेली आहे. ती दोन रात्रींत सेल खाऊन बसली, आणि तिचा घर्रघर्र आवाज ऐकून मांजर तेवढं घाबरलं.

ज्योतीसारखं लुकलुकणं हवं असेल तर एका लयीत उघडझाप नको. लय सापडली की भीती गेली. खरी ज्योत बराच वेळ स्थिर जळते, मग दोन-तीनदा दचकते, पुन्हा सावरते. छोट्या मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे दिवा चालवणाऱ्या चिपला, हेच शिकवायचं: बहुतेक वेळ स्थिर, मध्येच एखादा झोका, आणि झोका वर जाण्याऐवजी खाली. उजेड क्षणभर ढळला की पोटात गोळा येतो. मात्र भराभर चमकणारे दिवे टाळा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकणाऱ्या उजेडानं काही जणांना फेफरं येऊ शकतं, आणि त्या रात्री दारावर लहान मुलंच जास्त येतात.

मुलांचा विषय निघालाय तर गोळीसारखे चपटे बटण सेल. छोट्या वटवाघळांत ते सोयीचे वाटतात. पण मुलानं गिळलेला 20 मिलिमीटरचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत गंभीर जखम करतो. म्हणून अमेरिकेत 2022 मध्ये अशा सेलच्या कप्प्यांसाठी खास कायदा झाला. वापरायचेच असतील तर कप्प्याला स्क्रू हवा, नुसतं सरकतं झाकण चालणार नाही. मी तर ते सोडूनच दिलेत.

पाऊस आणि दव यांचं थोडक्यात. माझी दुसरी मोठी चूक ही, की मी एक आकृती सिलिकॉननं पूर्ण हवाबंद केली. रात्री आतल्या हवेतलं पाणी थेंब होऊन बसलं आणि त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. आठवड्यात सेलच्या डब्यातल्या स्प्रिंगा गंजल्या. आता मी तळाला एक भोक ठेवतोच, आणि सेलचा डबा तोंड खाली करून बसवतो. डबा पायाशीच हवा. सेलचं वजन खाली असलं की वाऱ्यानं भूत कोलमडत नाही. वायर आत शिरते तिथं तिला एक गाठ मारा, कुणी ओढली तरी ताण सोल्डरच्या जोडावर येत नाही. कडाक्याच्या थंडीत अल्कलाइन सेल आळसावतात, लिथियमचे पेन्सिल सेल बरेच टिकतात. पण सगळेच 1 नोव्हेंबरला आठवणीनं काढून ठेवा. विसरलात की वर्षभरानं पांढरी बुरशी दिसेल. ती बुरशी नसते, गळलेल्या क्षाराचा थर असतो. हातमोजे घालून व्हिनेगरनं पुसा.

आता शेवटचं. आपण बराच वेळ अंधारात आहोत आणि समोर फक्त लाल डोळे आहेत. जरा डाव्या कोपऱ्याकडे बघा, पडद्याच्या बाजूला. सरळ रोखून बघाल तर दिसणार नाही, कारण नजरेच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात. थोडं बाजूला बघा, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून...

हं. दिसला वाटतं. मागच्या रांगेतही दिसला. मघाशी दिवे घालवले तेव्हापासून तो तिथंच उभा आहे, चालू. आत एकच हिरवा एलईडी आहे, काळ्या कापडाकडे तोंड करून, 10 हजार ओमच्या रेझिस्टरवर. प्रवाह मिलिअँपिअरचा पाचवा हिस्सा. या हिशेबानं तीन सेलवर तो वर्षभर उभा राहील. तुम्ही प्रश्न विचारा, मी इथूनच उत्तरं देतो. दिवे नको लावायला एवढ्यात.